वीज किती तास होती? खारकीवच्या एका वर्गाचं प्रकरण

प्राध्यापकांच्या प्रशिक्षण सत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की पंधरा मिनिटांत गाडी एकाच जागी येऊन अडकते: मुलं एआयकडून गृहपाठ लिहून घेतात, त्यांना पकडायचं कसं? मी स्वतः संख्याशास्त्र शिकवते, कोल्हापूरला, आणि हा प्रश्न मलाही छळतो. पण युद्धातल्या एका वर्गाचा विचार करायला लागल्यापासून मला तो अपुरा वाटू लागला. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच मी हे प्रकरण समोर ठेवते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. यातलं शहर, तारखा, हल्ले, कायदा हे सगळं खरं आहे. शिक्षिका, तिचा वर्ग आणि त्या वर्गाचे आकडे मी शिकवण्यासाठी रचले आहेत, वैद्यकीय महाविद्यालयात एखाद्या रुग्णाची हकिगत रचतात तसे. खऱ्या वर्गाची हकिगत घेतली असती तर कुणाचा तरी पत्ता, कुणाचं तरी दुःख उघड्यावर आलं असतं. ते मला करायचं नव्हतं.

शहर

खारकीव हे नाव मराठी घरांत पोचलं ते फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये. तिथे डॉक्टर व्हायला गेलेली आपली मुलं तळघरांतून, मेट्रोच्या स्थानकांतून घरी फोन करत होती. २ मार्चला भारतीय दूतावासाने सांगितलं की वाहन मिळत नसेल तर पायी निघा, पण खारकीव सोडा. मुलं परत आली आणि आपल्या बातम्यांतून ते शहरही गेलं. तिथलेच असलेले विद्यार्थी मात्र मागे राहिले.

युक्रेनमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर, युद्धाआधी सुमारे १४ लाख वस्तीचं. रशियाची सीमा ३० ते ४० किलोमीटरवर, म्हणजे कोल्हापूरहून निपाणी जितकं लांब तितकीच. सीमेपलीकडच्या रशियन बेल्गोरोदकडून सुटलेलं क्षेपणास्त्र मिनिटाच्या आत येऊन पडतं. त्यामुळे कित्येकदा आधी स्फोट ऐकू येतो आणि मग भोंगा वाजतो. लोक 'दोन भिंतींचा नियम' पाळतात: रस्ता आणि आपण यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात. पहिली भिंत मार घेते, दुसरी उडालेल्या काचा-विटा अडवते. फ्लॅटमध्ये अशी जागा म्हणजे बहुधा आतली बोळ किंवा न्हाणीघर. खारकीवच्या मुलाच्या मागे कॅमेऱ्यात फरशा दिसल्या तर तो कुठे बसलाय हे वर्गातल्या प्रत्येकाला कळतं.

हे विद्यापीठांचं शहर. कराझिन विद्यापीठाची स्थापना १८०४ मधली. मेचनिकोव्ह, लँडाऊ आणि कुझनेट्स या तीन नोबेलविजेत्यांचा संबंध ते अभिमानाने सांगतं. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं हे जगाला घालून देणारे सायमन कुझनेट्स या शहरात शिकले, हे आम्हा संख्याशास्त्रवाल्यांना तर विशेष. २ मार्च २०२२ च्या हल्ल्यात याच विद्यापीठाची एक इमारत जळाली.

२२ मार्च २०२४ ला विजेवर घाला पडला. शहराला वीज आणि उष्णता पुरवणारं औष्णिक केंद्र आणि उपकेंद्रं क्षेपणास्त्रांनी निकामी झाली. तेव्हापासून वीज येण्याजाण्याच्या पाळ्या लागल्या. मे महिन्यात अशी कपात देशभर सुरू झाली. त्याच महिन्याच्या १० तारखेला खारकीव प्रांतात सीमेवरून नवी चढाई झाली आणि २३ ला फाक्तोर-द्रुक या मोठ्या छापखान्यावर क्षेपणास्त्रं पडली. ७ कामगार गेले, हजारो पुस्तकं जळाली. आपलं प्रकरण घडतं ते याच मे महिन्यात.

वर्ग

द्वितीय वर्ष अर्थशास्त्र, विषय संख्याशास्त्र, विद्यार्थी २६. सोळा युक्रेनमध्ये, त्यातले बरेचसे खारकीव आणि आसपास. दहा जण परदेशात: पोलंड, जर्मनी, चेक प्रजासत्ताक. तिकडे शिक्षकांना सर-मॅडम म्हणायची पद्धत नाही. नाव आणि त्याला जोडून वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, अशी हाक मारतात, आणि शिक्षकही विद्यापीठातल्या मुलांना बहुधा 'तुम्ही'च म्हणतात. मी इथे त्यांना आपल्या सवयीने बाई म्हणते.

या मुलांचं वय बघा. २०२४ मध्ये द्वितीय वर्षाला, म्हणजे महामारीत शाळा बंद झाल्या तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. शाळेची शेवटची वर्षं अर्धीमुर्धी पडद्यावर गेली, मग युद्ध, मग ऑनलाइन विद्यापीठ. खारकीवच्या मुलाने आपल्याच महाविद्यालयाचा बाक पाहिलेला नाही. शेजारी बसणारा मित्र, कँटीन, जिन्यात थांबून विचारलेली शंका, काही नाही. बाईंसाठी वर्ग म्हणजे काळ्या चौकोनांची एक पाटी. कॅमेरे बंद, कारण नेट पुरत नाही, किंवा चेहरा दाखवायची ताकद नाही.

त्यांच्या भाषेत भोंग्याच्या इशाऱ्याला 'त्रिवोहा' म्हणतात. आतल्या काळजीला, घालमेलीला शब्द तोच.

मोडलेला तास

एआयचा उपयोग सुरू झाला तो कसल्याही मोठ्या धोरणातून नाही. चॅटजीपीटी युक्रेनमध्ये अधिकृतपणे खुलं झालं फेब्रुवारी २०२३ मध्ये. बाईंनी ते हातात घेतलं ते एका अगदी व्यावहारिक अडचणीपायी: तास पुरा होत नव्हता.

तास ऐंशी मिनिटांचा. पंचविसाव्या मिनिटाला भोंगा वाजतो आणि खारकीवची मुलं जातात. इशारा उठेपर्यंत पोल्तावा या दुसऱ्या शहरातल्या मुलीची वीज जायची वेळ होते. परदेशातली दहा जणं शेवटपर्यंत असतात, पण ज्यांच्यासाठी बाई खरं तर थांबल्या होत्या ते नसतात. रेकॉर्डिंग ठेवावं तर ते जड. वीज गेल्यावर मोबाईल टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, नेट कासवासारखं होतं, व्हिडिओ उघडत नाही. मजकूर मात्र उघडतो.

म्हणून बाई तासाच्या ध्वनिमुद्रणाचा मजकूर करून घेऊ लागल्या. एआयकडून त्याचे लहान तुकडे पाडायच्या: हा पंचविसाव्या मिनिटापर्यंतचा, हा पुढचा. प्रत्येक तुकड्याखाली दोन सोडवलेली आणि तीन न सोडवलेली उदाहरणं. मग सगळं स्वतः वाचून, चुका काढून टेलिग्रामच्या गटावर. चुका निघायच्याच. एकदा यंत्राने, ज्या यादीत आकड्यांची संख्या सम आहे तिचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढताना मधल्या दोन आकड्यांपैकी एकच उचलला, सरासरी घेतलीच नाही. बाईंनी तो तुकडा दुरुस्त न करता तसाच टाकला आणि खाली लिहिलं, "यात एक चूक आहे, शोधा." त्या रात्री गटावर महिन्यातली सगळ्यात जास्त वर्दळ होती.

या भागाबद्दल माझ्या मनात शंका नाही. इथे यंत्राने फाटलेल्या ठिकाणी टाके घातले. पहाटे तीनला, इशारा उठल्यावर झोप न येणाऱ्या मुलाला प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते मोजण्याचं, सूत्र चौथ्यांदा समजावून सांगायला बाई जाग्या असू शकत नाहीत. यंत्र असतं, आणि ते कंटाळत नाही. अर्थात हे सगळं नेट असेपर्यंत. पूर्ण अंधाराच्या दिवसांत गटावर उरायचे ते बाईंचे दीड-दोन मिनिटांचे आवाजी निरोप. जे जितकं साधं, ते तितकं टिकलं.

गृहपाठ

मेच्या मध्यावर बाईंनी एक काम दिलं. सात दिवस रोज तुमच्याकडे किती तास वीज होती ते टिपा. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन काढा, आणि सरासरी व मध्यक यांत फरक का पडला ते चार ओळींत लिहा.

मला हे काम शिक्षिकेच्या हुशारीचा उत्तम नमुना वाटतं. पुस्तकातली काल्पनिक कारखान्याची आकडेवारी यंत्र डोळे मिटून सोडवतं. स्वतःच्या खोलीतला अंधार त्याला ठाऊक नसतो.

आलेल्या कामांपैकी दोन इथे महत्त्वाची.

पहिलं साल्तिव्कातल्या मुलाचं. साल्तिव्का ही शहराच्या ईशान्येची प्रचंड वसाहत, २०२२ मध्ये तोफांनी भाजून निघालेली. त्याची नोंद: १४, ६, ९, १७, ८, ११, ५. सरासरी १०, मध्यक ९. गणित बरोबर. खालचं विवेचन इतकं नेटकं की छापून घ्यावं. बाईंना ते बघून बरं वाटलं, कारण हा मुलगा आधी गोंधळलेलं, खाडाखोडीचं, उशिराचं काम पाठवायचा. फेब्रुवारीपासून त्याचं सगळं काम वेळेवर आणि स्वच्छ येत होतं. वहीत त्यांनी 'सुधारणा' असा शेरा लिहिला होता.

दुसरं पोलंडमधल्या व्रोत्सवाफला राहणाऱ्या मुलीचं. तिची नोंद: ११.५, १२, १२.५, ११.५, १२, १२.५, १२. सरासरी १२. मध्यक १२. खाली खारकीवच्या पाळ्यांबद्दल चार सुंदर ओळी.

ज्याने आकड्यांत आयुष्य काढलंय त्याला अशी रांग बघताक्षणी खटकते. खरी वीज अर्ध्या-अर्ध्या तासाच्या शिस्तीत वागत नाही. शेजारच्या मुलाकडे बघा, एका दिवशी १७, दुसऱ्या दिवशी ८. आणि मुख्य म्हणजे ती मुलगी जिथे राहते तिथे वीज जातच नाही.

आकडे एआयने बनवून दिले होते. ती कशी सूचना देऊन बसली असेल हे सहज कळतं: खारकीवमध्ये राहणाऱ्या विद्यार्थिनीची आठवड्याची नोंद तयार कर.

कायदा काय म्हणतो

युक्रेनच्या २०१७ च्या शिक्षण कायद्याच्या ४२ व्या कलमात शैक्षणिक प्रामाणिकपणाची व्याख्या आहे. उचलेगिरीबरोबरच तिथे 'फॅब्रिकेशन', म्हणजे संशोधनात किंवा अभ्यासात नसलेली माहिती बनवणं, हाही स्वतंत्र दोष म्हणून नोंदवला आहे. शिक्षा परीक्षा पुन्हा देण्यापासून शिष्यवृत्ती जाण्यापर्यंत, आणि काढून टाकण्यापर्यंतही. म्हणजे बाईंच्या समोरचा दोष नियमाला पूर्ण बसतो. कसलाही पळवाटा काढण्यासारखा प्रश्न नाही.

बाईंनी निर्णय घेण्याआधी मुलीला फोन केला. कॅमेरा नको, फक्त आवाज.

"तुमच्याकडे वीज जाते का?"

बराच वेळ काही नाही. मग:

"नाही. एकदाही नाही."

"मग तेच का नाही लिहिलंत?"

"सात वेळा चोवीस लिहायचं? गटावर सगळ्यांनी वाचलं असतं."

इथे मी सत्रात थांबते. काही प्राध्यापक लगेच म्हणतात, भावनिक होऊ नका, आकडे बनवले म्हणजे बनवले. खरंच आहे ते, संख्याशास्त्रात याहून मोठा गुन्हा नाही. पण त्या मुलीने आळसापायी आकडे बनवले नव्हते. तिला दिव्याची लाज वाटत होती. आई आणि ती सुरक्षित आहेत, वर्गमित्र न्हाणीघरात बसून तास ऐकतात, आणि तिला त्यांच्यातलीच एक राहायचं होतं. यंत्राने ती सोय एका मिनिटात करून दिली. यंत्र नसतं तरी तिने आकडे बनवले असते, असं कुणी म्हणेल. कदाचित. पण हाताने बनवताना ती अडखळली असती, वेडंवाकडं काहीतरी झालं असतं, आणि चार ओळी लिहिताना लेखणी थांबली असती. यंत्राच्या लिखाणात ती थांबलेली जागा दिसत नाही.

व्रोत्सवाफचं नाव आलं की मला आमचं वळिवडे आठवतं. कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतांश बायका आणि मुलं, तिथल्या छावणीत राहिले. त्यांनी तिथे शाळा चालवल्या, आपल्या भाषेत, आपल्या अभ्यासक्रमाने. त्या शाळेत शिक्षक आणि मुलं एकाच छावणीत, एकाच पावसात होती. सगळ्यांनी जे गमावलं होतं ते एकमेकांसमोर होतं. बाईंच्या वर्गाची गोष्ट वेगळी. तिथे काहींचं घर पडलंय, काहींचं उभं आहे पण ते त्यात नाहीत, काहींच्या घरात वीज आहे आणि मन नाही. आणि हे सगळे एकाच पाटीवरचे सारखेच काळे चौकोन.

साल्तिव्काचा मुलगा

त्या फोननंतर बाईंना वहीतला 'सुधारणा' हा शेरा टोचायला लागला. त्यांनी मुलाचं फेब्रुवारीआधीचं आणि नंतरचं काम शेजारी शेजारी ठेवलं. आधीच्या कामात युक्रेनियन वाक्यांत मध्येच रशियन शब्द डोकावायचे. रशियन बोलत मोठं झालेल्या खारकीवच्या कित्येक मुलांचं असं होतं. नंतरच्या कामात एकही नाही. स्वल्पविराम नि पूर्णविराम जागच्या जागी. आणि प्रत्येक काम पाठवल्याची वेळ पहाटे साडेतीन ते साडेचार.

विचारल्यावर त्याने लपवलं नाही. मोठा भाऊ आघाडीवर बेपत्ता असल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. तेव्हापासून झोप नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही. आकडे तो स्वतः टिपायचा, बाकी सगळं यंत्र लिहायचं. "नाहीतर मी नापास झालो असतो, आणि आईला तेही सांगावं लागलं असतं."

शिक्षक म्हणून मला या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हा वाटतो. एआयने या मुलाला चार महिने अभ्यासक्रमात धरून ठेवलं. त्याच्याशिवाय तो सुटला असता, आणि युद्धात सुटलेला विद्यार्थी परत येतोच असं नाही. त्या चार महिन्यांत त्याने यंत्राचा आधार घेतला याला मी चूक म्हणणार नाही. आजारी माणसाला काठी लागते. पण आपण कित्येक वर्षं न कळत ज्याच्यावर विसंबून होतो ते इथे हरवलं. गृहपाठ ही नाडी होती. उशीर, गिचमिड अक्षर, अर्धवट सोडलेलं उदाहरण, एकाएकी वाढलेल्या चुका, यावरून शिक्षकाला कळायचं की पोराचं काहीतरी बिनसलंय. कुणी तसं ठरवून शिकवलेलं नव्हतं, पण चांगली बाई वह्या तपासता तपासता हेच तपासायची. आता २६ वह्या सारख्याच स्वच्छ येतात. ज्याचं बरं चाललंय त्याची आणि ज्याचा भाऊ बेपत्ता आहे त्याची, दोघांची नाडी सारखीच लागते.

मुलं तग धरून आहेत हे दाखवायला विद्यापीठं सहसा हजेरी, वेळेवर आलेली कामं, उत्तीर्णांचं प्रमाण पाहतात. या मुलाचे हे तिन्ही आकडे फेब्रुवारीनंतर सुधारले होते.

बाईंनी काय केलं

एआय बंद केलं नाही. बंद करून उपयोगही नव्हता. पहाटे तीनचा सोबती त्यांना मुलांपासून काढून घ्यायचा नव्हता. त्यांनी प्रत्येक लेखी कामाला दोन गोष्टी जोडल्या. एक, यंत्राकडून काय करून घेतलं ते एका ओळीत, त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत. दोन, एक मिनिटाचा आवाजी निरोप, फक्त बाईंना: यातलं काय अवघड गेलं? अवघड गेलेलं गणितातलंच असावं अशी अट नाही.

शिवाय महिन्यातून एकदा तोंडी परीक्षा. आता हिशेब करा. २६ विद्यार्थी, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे ४ तास २० मिनिटं. ते बसवायचे कुणाच्या विजेत? बाईंची वीज, मुलाची वीज आणि इशारा नसलेला वेळ, हे तिन्ही एकत्र येतील तेव्हा. प्रत्यक्षात ते दोन आठवडे पुरलं. राउटर पॉवर बँकेवर, दिवा डोक्याला बांधलेला, आणि समोर कागदावर पाळ्यांचं वेळापत्रक. त्यातही तीन जणांची परीक्षा मध्येच तुटली.

आमच्याकडचे प्राध्यापक इथे एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो योग्य आहे: या बाईंची नाडी कोण बघतंय? प्रकरणात मी त्याचं उत्तर ठेवलेलं नाही. २६ निरोप ऐकणारी बाई स्वतः त्याच शहरात, त्याच दोन भिंतींच्या आत आहे. यंत्राने तिचे तुकडे पाडायचे, उदाहरणं बनवायचे तास वाचवले, ते तास या ऐकण्यात गेले. मला तो व्यवहार योग्य वाटतो. पण बहुतेक संस्था वाचलेल्या तासांत आणखी एक वर्ग बसवतात, आणि मग ऐकायला कुणीच उरत नाही. हे मी युक्रेनबद्दल बोलत नाहीये, माझ्याच भोवतीचं सांगतेय.

मुलीच्या बाबतीत त्यांनी दोष नोंदवला. नियमातली सगळ्यात सौम्य शिक्षा दिली, काम पुन्हा करायचं. मुलाला लेखी कामातून महिन्याची सूट, तोंडी परीक्षा मात्र द्यायची, चुकली तरी चालेल.

मुलीचं नवं काम दोन दिवसांनी आलं. २४, २४, २४, २४, २४, २४, २४. सरासरी २४, मध्यक २४, प्रमाण विचलन शून्य. विवेचनाच्या चार ओळींच्या जागी एकच ओळ: यात लिहिण्यासारखं काही नाही.

बाईंनी तिची परवानगी घेतली आणि पुढच्या तासाला सगळ्या वर्गाची आकडेवारी एकत्र मांडली, नावांशिवाय. युक्रेनमधल्या सोळा जणांची सरासरी ११ तास. बाहेरच्या दहा जणांची २४. सगळ्या वर्गाची मिळून १६.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाची सरासरी सोळाच्या आसपास येते?"

कुणाचीच येत नव्हती. आलेखात दोन वेगळे डोंगर होते, एक डावीकडे, एक पार उजव्या टोकाला, आणि सरासरी मधल्या रिकाम्या जागेत उभी होती. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि त्या आकड्याबद्दल बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या मिनिटाला एक कॅमेरा सुरू झाला. मागे निळ्या फरशा होत्या. साल्तिव्काचा मुलगा विचारत होता, असे दोन डोंगर असतील तेव्हा सरासरी काढायचीच कशाला? तो प्रश्न त्याचा स्वतःचा होता. वाक्यात दोन शब्द रशियन होते.